आईसाहेब खाली बसल्या

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चौथ्या हौदातली कणीक बसली. डॉ. वैजयंती शिंत्रेच्या डोळ्यांदेखत बसली. याआधी सतरा वेळा हा प्रकार झाला होता आणि सतराही वेळा तिला नुसता निरोप आला होता, म्हणून आज सकाळपासून ती फुगवणखोलीच्या काचेला नाक लावून बसली होती. हौदाच्या दहा फुटांच्या आत कोणी फिरकलं नव्हतं. झाकण बंद होतं, ऊब नेहमीइतकीच होती. तरी काठापर्यंत फुगून आलेली चारशे किलो कणीक चार मिनिटांत तळाला गेली. पाठोपाठ पाचव्या हौदातली, मग सहाव्यातली.

त्याच वेळी बाहेर फाटकावर घोषणा चालू होत्या. पहिल्या पाळीचे कामगार सुटून अधूनमधून जमत तसे आजही जमले होते आणि हलगी कडाडत होती.

"पाहिलंत?" मागून आवाज आला. "ते तिकडे ओरडायला लागले की इकडे कणीक बसते. आता तरी पटलं?"

आवाज पराग टिपणीसांचा होता. टिपणीस हे पूर्णकण फूड्सचे कार्मिक प्रमुख. सहाशे माणसांची नेमणूक, बदली, कानउघाडणी आणि हकालपट्टी सगळं त्यांच्याकडे. कॉलेजात नाट्यस्पर्धा गाजवलेला खर्जातला भरदार आवाज त्यांना लाभला होता, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी तो नोटिसा वाचायला वापरला.

"मी कणीक बसताना पाहिली," वैजयंती म्हणाली. "कोणी बसवताना नाही पाहिलं."

"ते बघायला आम्ही आहोत. कणीक विभागातले बारा जण निलंबित केलेत, आता त्यांचे साथीदार आत काहीतरी टाकतायत. शनिवारी चौकशीचा निकाल आहे. तुमचा अहवाल मला एका ओळीचा हवाय. किण्वात कोणताही दोष नाही. खरंच आहे ना ते?"

खरं होतं, आणि तिचं दुखणं तेच होतं. किण्वात दोष नाही असं तिनं लिहून दिलं की दोष माणसांत आहे हे आपोआप ठरणार होतं आणि बारा जण घातपाताचा शिक्का कपाळावर घेऊन घरी जाणार होते. त्या यादीत पहिलं नाव दस्तगीर मुजावरचं होतं. एकतीस वर्षं कणकेत हात घालून बसलेला मिस्त्री. नऊ वर्षांपूर्वी वैजयंती नवी कोरी पदवी घेऊन इथं आली, तेव्हा कणीक हाताला काय सांगते ते या माणसानं तिला शिकवलं होतं. आणि तिनं त्या बदल्यात काय केलं होतं, तर त्याच्या खात्यातले चाळीस लोक कमी केले होते.

म्हणजे तिनं स्वतः कोणाला काढलं नव्हतं. तिनं फक्त 'पूर्वभान किण्व' तयार केलं होतं. किण्व म्हणजे आपलं खमीरच, पाव फुगवणारं. साधं खमीर अन्न मिळालं की जागं होतं आणि मग सावकाश कामाला लागतं. वैजयंतीच्या खमिराला अन्न येणार आहे हे आधीच कळायचं. ते कंबर कसून तयार बसायचं. पूर्वी कणीक फुगायला तीन तास लागत, आता सव्वा तासात हौद भरू लागला. साहजिकच पट्टा दुप्पट वेगानं धावू लागला आणि फुगवणखोलीतली पाळत ठेवणारी माणसं जास्तीची झाली. खमीर शहाणं झालं, पण पट्ट्यावर लाद्या वळणाऱ्या बायकांना काही नवी मनगटं फुटली नव्हती.

भांडण पेटलं ते त्या पट्ट्यावरून. गेल्या उन्हाळ्यात सत्तेचाळीस दिवस, रोज दोन पाळ्यांत, दोनदा काम बंद पडलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांचं तोंड न बघण्याची शपथ घेतली. शेवटी श्रम आयुक्तांपुढे तात्पुरता तह झाला. कारखान्याच्या आत कामगारांनी घोषणा द्यायच्या नाहीत आणि टिपणीसांनी कर्ण्यावरून भाषणं करायची नाहीत. नोटिसा फळ्यावर लागतील. फाटकाबाहेर, पाळी सुटल्यावर, ज्याला जे करायचं ते त्यानं करावं. या गोष्टीला दोन महिने झाले होते. कणीक बसायला लागली ती त्यानंतर.

"तुम्ही माझ्या अहवालाची वाट पाहाल ना?" वैजयंतीनं विचारलं.

"शनिवारपर्यंत," टिपणीस म्हणाले. "आणि डॉक्टर, दोष किण्वात निघाला तर तुमच्या खात्याचीही आवश्यकता तपासावी लागेल. हे मी तुमच्या काळजीपोटी सांगतोय."

असल्या काळजीला तिच्या आजोळी निपाणीकडे वेगळा शब्द होता, पण तो तिनं गिळला.

*

फाटकासमोर युनियनचा मांडव होता. वैजयंती तिथं पोचली तेव्हा बसलेल्यांपैकी कोणी सरकून जागा दिली नाही. इंदूअक्का चौगुले, युनियनच्या अध्यक्षा, मधोमध बसल्या होत्या. अठरा वर्षं पट्ट्यावर लाद्या वळून त्यांचं उजवं मनगट कायमचं पट्टीत गेलं होतं.

"या की खमीरबाई," इंदूअक्का म्हणाल्या. "आणि कुणाला घरी बसवायचं ऱ्हायलंय?"

"मी दस्तगीरचाचांना भेटायला आलेय."

"त्यास्नी भेटायला तुमी आल्यासा, का टिपणीसनं धाडलंय?"

"अक्का, मला शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर बारा जण जातील."

"आमची मानसं हायेत, आमी बघू."

कोपऱ्यातून दस्तगीर मिस्त्री उठून आले. सहा फुटांचा माणूस, हात कोपरापासून खाली पांढुरके झालेले; एकतीस वर्षांचा मैदा काही निलंबनानं उतरत नाही. त्यांनी वैजयंतीला बस म्हटलं नाही, पण एकच प्रश्न विचारला.

"बसली की वास कसला येतोय?"

"कसलाच नाही."

"आंबट न्हाई? दारूवानी?"

"नाही."

"मग कुणी कायबी टाकल्यालं न्हाई," दस्तगीर म्हणाले. "जहर घातलं तर खमीर मरतंय, मेलं की नासतंय, नासलं की वास मारतंय. हे मेल्यालंच न्हाई. दबा धरून बसलंय."

वैजयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिला जे दिसलं होतं ते या माणसानं नाकानं ओळखलं होतं. बसलेल्या कणकेतल्या पेशी जिवंत होत्या. त्यांनी फक्त दारं लावून घेतली होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "कडक थंडी पडली की खमिराच्या पेशी तशाच मिटतात. पण चाचा, हौद गरम होता. थंडी नव्हतीच."

"तुमी त्याला म्होरचं वळखायला शिकवलासा न्हवं?"

"हो."

"मग थंडी येनार म्हनून बसलं आसंल की."

मांडवात कोणीतरी हसलं. वैजयंती हसली नाही.

"शिकवलासा कसं, ते सांगा बघू," दस्तगीर म्हणाले. आता त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

तिनं सांगितलं. खमिराच्या पेशीच्या आवरणावर तिनं बारीक दारं बसवली होती, कंपद्वारं. आसपास हादरा बसला की ती उघडतात. प्रत्येक यंत्राचा हादरा वेगळा, त्यानं उघडणारी दारंही वेगळी. एखाद्या हादऱ्यानंतर दरवेळी अन्न आलं तर पेशीच्या गुणसूत्रावर एक खूण उमटते, आणि पेशीला लेक झाली की आईची खूण लेकीच्या अंगावर उतरते. आधी खमीर मळणीयंत्राचा हादरा ओळखायला शिकलं. मळणीयंत्र चालू झालं की वीस मिनिटांनी अन्न. मग मळणीयंत्राच्याही आधी मैदा वर नेणारा पाळणा चालू होतो, तो ते ओळखू लागलं.

"ते एका खुणेवर थांबत नाही," वैजयंती म्हणाली. "खुणेच्या आधीची खूण शोधतं, मग तिच्याही आधीची. जितकं आधी कळेल तितकी तयारी जास्त. सगळी गंमत त्यातच आहे. पण मी त्याला अन्न ओळखायला शिकवलं. थंडी कोणी शिकवली?"

इंदूअक्का तिच्याकडे नवलानं पाहू लागल्या.

"तुमास्नी ठावंच न्हाई?" त्या म्हणाल्या. "कर्न्यावरची नोटीस ऐकून आमी काम टाकून भाईर पडलो, आमच्या दिलीपनं हलगीवर थाप मारली, की धाव्या मिनटाला तुमचा टिपणीस सायेब केबिनीतनं हौद गार करायचा. कनकीला हात लावाया कोन न्हाई, तर हौद उतू जातोय म्हनून. सत्तेचाळीस दिस. दोन टायम."

वैजयंतीला हे ठाऊक नव्हतं. आंदोलन सुरू झालं त्या दिवशी टिपणीसांनी प्रयोगशाळेला कुलूप घालून तिला साताऱ्याच्या कारखान्यात पाठवलं होतं. चौऱ्याण्णव वेळा हलगी वाजली होती आणि चौऱ्याण्णव वेळा हौदाभोवतीचं शीतकवच चालू झालं होतं. तिनं मळणीयंत्राचा हादरा शिकवला तेव्हा साठ खेपा पुरल्या होत्या.

"पण दोन महिन्यांत कोणी थंड केलं नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "हलगी वाजून थंडी आली नाही तर खमीर विसरायला हवं होतं..." आणि तिची जीभ अडखळली. बसलेली कणीक नासू नये म्हणून ताबडतोब शीतकवच लावावं, असा नियम कारखान्यात होता. तो तिनंच लिहिला होता. म्हणजे दरवेळी हलगी वाजत होती, कणीक भिऊन बसत होती, आणि माणसं धावत जाऊन तिला थंड करत होती. खमिराला वाटत असेल, आपलं बरोबरच होतं.

"आनि आईसाहेब?" दस्तगीरनी हळूच विचारलं.

आईसाहेब म्हणजे आठवा हौद. रोजच्या कणकेतला एक गोळा उद्यासाठी काढून ठेवायचा ही दस्तगीर मिस्त्रींची रीत; त्यांच्या वडिलांच्या भट्टीवर तशीच होती. कंपनीनं ती उचलली, त्या गोळ्याचा हौद केला आणि दर आठवड्याला त्यातलं खमीर पाचही कारखान्यांना जाऊ लागलं. नवं खमीर कधी आणलंच नाही. आईसाहेब जे काही शिकल्या ते सगळ्या लेकींना गेलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या तीन बंद खोल्यांत एकेक लहान हौद मांडला गेला. दिलीप आवळे हलगी घेऊन आला. तो लाद्या बांधणीच्या खात्यातला, घराण्याचा हलगीवाला. यंत्राच्या खोलीत वाजवायला त्याला कसंनुसं वाटत होतं. पहिल्या हौदात आईसाहेबांचं खमीर होतं. त्याच्यापुढे त्यानं फाटकावरचाच ठेका धरला. चार मिनिटांत कणीक बसली. दुसऱ्या हौदातही तेच खमीर, पण त्याच्यापुढे वैजयंतीनं स्वतः पत्र्याचं झाकण तितक्याच जोरानं बडवलं. कणीक ढिम्म. तिसऱ्यात बाजारातलं साधं खमीर होतं. त्याला हलगी ऐकून काही वाटलं नाही. थंडीचं यंत्र दिवसभर बंद होतं.

तिनं अहवाल चार पानी लिहिला. किण्वात दोष नाही. माणसांतही दोष नाही. कणीक कोणी बिघडवलेली नसून व्यवस्थापनाच्या शीतकरणानं ती तसं वागायला शिकली आहे. हे लिहिताना तिला हलकं वाटलं. बारा माणसं सुटली, असं तिनं समजून टाकलं. नऊ वर्षं टिपणीसांबरोबर काम करून इतकं भोळं राहणं सोपं नाही, पण शास्त्रज्ञांना ते जमतं.

टिपणीसांनी चारही पानं वाचली. चष्मा काढला.

"म्हणजे हलगी वाजली की कणीक बसते. हे निर्विवाद?"

"हो."

"आणि हलगी कोण वाजवतं?"

वैजयंतीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"त्यांना माहीत नव्हतं!"

"आता आहे. तुम्हीच सांगितलंत, मांडवात बसून." टिपणीसांनी कागद व्यवस्थित जुळवले. "ज्याच्या आवाजानं कणीक बसते तो घातपाती. साधं आहे. आरोपपत्र मी सुधारून घेतो. ध्वनीद्वारे उत्पादनाचा विध्वंस. तुमचे मनापासून आभार, डॉक्टर. आतापर्यंत आमच्याकडे पुरावा नव्हता."

मांडवात तिचं स्वागत आणखीनच झोंबलं. इंदूअक्कांना ती बातमी म्हणजे बसल्या जागी सापडलेलं घबाड वाटलं.

"पाच कारखाने, पाच फाटकं, पाच हलग्या," त्या म्हणाल्या. "रोज दोन टायम. बघूया मग पट्टा कोन पळवतंय."

"अक्का, हेच तर टिपणीसांना हवंय!"

"आमास्नी अक्कल शिकवू नगा. तुमच्या खमिरानं आमचे चाळीस लोक खाल्ले. आता ते आमच्या बाजूनं झालंय तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

"ते कुणाच्याच बाजूचं न्हाई," दस्तगीर मध्येच म्हणाले. "ते भ्यालंय. आईसाहेबास्नी तरास द्यायचा न्हाई, अक्का. त्यांनी काय केलंय?"

"तुमी गप ऱ्हावा चाचा. शनवारी तुमचीच नोकरी जानार हाय."

"जाऊंदे," दस्तगीर म्हणाले, आणि मांडवातून उठून गेले. इंदूअक्का त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. वैजयंतीनं दोन्हीकडच्यांच्या हातात एकेक दगड दिला होता, आणि डोकं मात्र त्या म्हाताऱ्याचं फुटणार होतं. त्या दिवशी तिला स्वतःचा मनापासून राग आला.

पाच हलग्या काही वाजल्या नाहीत. शुक्रवारी टिपणीसांनी मनाई हुकूम आणला. कारखान्यापासून दोन किलोमीटरपर्यंत कोणतंही चर्मवाद्य वाजवायचं नाही. पोलीस येऊन दिलीपची हलगी घेऊन गेले. आजोबांची होती ती. मांडवही हलवला गेला, पार रस्त्यापलीकडे.

*

शनिवारी सकाळी दहा वाजता कारखान्यात इतकी शांतता होती की पट्ट्याची कुरकुर ऐकू येत होती. आठही हौद काठोकाठ भरत आले होते. वैजयंती फुगवणखोलीत होती. तिला चौकशीला बोलावलंच नव्हतं, तिचा अहवाल पुरेसा होता म्हणे. काचेच्या पलीकडे बारा निलंबित कामगारांना ओळीनं उभं केलं होतं. निकाल सगळ्यांसमोर वाचायचा, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल, असं ठरलं होतं. इंदूअक्का पट्ट्याजवळच्या आपल्या जागी उभ्या होत्या आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

आणि टिपणीसांनी कर्णा चालू केला.

तह मोडत होता. त्यांना ते माहीत होतं. पण आज जिंकण्याचा दिवस होता, आणि असा आवाज असलेल्या माणसाला असा दिवस फळ्यावर चिकटवून भागत नाही. केबिनीतून, हौदांच्या पोलादी खांबांवर बसवलेल्या आठ कर्ण्यांमधून, दोन महिन्यांनी तो खर्जातला स्वर पुन्हा घुमला.

"पूर्णकण परिवारातील माझ्या बंधू-भगिनींनो..."

प्रत्येक नोटीस ते अशीच सुरू करत. परिवार हा शब्द आला की पट्ट्यावरच्या बायका समजून जायच्या, की आता कोणाच्या तरी पोटावर पाय येणार.

वैजयंतीच्या समोरच्या उंचीमापकावर एक रेघ हलली. तिला वाटलं, यंत्र बिघडलं. मग दुसरी रेघ उतरू लागली. मग तिसरी. तिनं काचेतून पाहिलं. पहिल्या हौदातली कणीक मधोमध खचत होती. दुसऱ्यातली काठ सोडत होती. बाहेर चिटपाखरू ओरडत नव्हतं. दोन किलोमीटरमध्ये हलगी नव्हती.

"...अत्यंत जड अंतःकरणानं मला सांगावं लागतंय, की आपल्यातल्याच काही जणांनी ध्वनीचं हत्यार करून..."

चौथा. पाचवा. सहावा.

खुणेच्या आधीची खूण. तिचं तिलाच आठवलं. चौऱ्याण्णव वेळा थंडीच्या आधी हलगी वाजली होती. पण हलगीच्या आधी? हलगीच्या आधी चौऱ्याण्णव वेळा टिपणीसांनी नोटीस वाचली होती. ती ऐकून माणसं ॲप्रन सोडून बाहेर पडत, मग दिलीप थाप मारी, मग थंडी. खमीर आपल्या स्वभावाला धरून एक पायरी मागं गेलं होतं. दोन महिने हा आवाज बंद होता म्हणून ते कोणाला कळलं नव्हतं.

पट्ट्यावर कालवा झाला. "बसली! सगळीच बसली!"

कर्णा खाडकन बंद झाला आणि मिनिटभरात टिपणीस स्वतः फुगवणखोलीत घुसले. चेहरा लाल झाला होता. पाठोपाठ इंदूअक्का, बारा निलंबित आणि निम्मी पाळी दाराशी गोळा झाली. सात हौद तळाला गेले होते. आठवा फक्त शाबूत होता. आईसाहेबांचा हौद कोपऱ्यात, जाड भिंतीच्या आड, तिथं कर्ण्याचा आवाज नीट पोचत नव्हता. झाकण उघडं होतं आणि कणीक अजून काठाशी डोलत होती.

टिपणीस त्याच्यावर वाकले. "हलगी कुठं वाजली?" ते गरजले. "कोणी वाजवली? मला नाव हवंय!"

आईसाहेबांच्या अंगावर सुरकुती पडली. मग दुसरी. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, अगदी सावकाश, त्या खाली बसल्या.

टिपणीस हौदाकडे बघत होते.

"काय केलंत तुम्ही?" त्यांनी वैजयंतीला विचारलं, आवाज आपोआप खाली आला होता.

"मी नाही, साहेब. तुम्ही." तिनं एकेक पायरी सांगितली. थंडी, तिच्या आधी हलगी, तिच्या आधी नोटीस. मग खात्रीसाठी तिनं इंदूअक्कांना प्रयोगशाळेतल्या शिल्लक हौदापुढे उभं करून तेच वाक्य बोलायला लावलं. "परिवारातील बंधू-भगिनींनो" हे शब्द इंदूअक्कांच्या तोंडून बाहेर पडताना बायकांना हसू आवरेना. कणीक हलली नाही. टिपणीसांनी बोलून पाहायला नकार दिला, आणि तोही मोठ्यानं दिला, तेवढ्यानंच ती बसली.

"सायेब," इंदूअक्का म्हणाल्या, "ज्याच्या आवाजानं कनीक बसती त्यो घातपाती. तुमीच लिवलंय आरोपपत्रात. आता निलंबित कुनाला करायचं?"

*

आरोपपत्र त्या संध्याकाळीच मागे घेतलं गेलं. बाराही जण कामावर आले, दिलीपची हलगी परत मिळाली. पण प्रेम काही वाढलं नाही. संचालक मंडळानं टिपणीसांना पुण्याला बोलावून झापलं, आणि वैजयंतीला दोनच प्रश्न विचारले. हे खमीर टाकून नवं घेता येईल का? येईल, पण ते शिकवायला वर्ष लागेल आणि तोवर पाचही कारखाने तीन तासांच्या फुगवणीवर. मग हे पुसता येईल का? येईल. ज्या आवाजानंतर थंडी आली, त्याच आवाजानंतर ऊब आणि अन्न यायला हवं. एकदा नाही. निदान चौऱ्याण्णव वेळा.

"त्यांचा आवाज मुद्रित करून लावा की," एक संचालक म्हणाले. "माणूस कशाला हवा?"

खमिराला ते चाललं असतं. पण तडजोडीच्या बैठकीत इंदूअक्कांनी टेबलावर मनगटाची पट्टी आपटली. टिपणीस स्वतः येऊन उभे राहतील, रोज, हौदापुढे, सगळ्या पाळीसमोर. आणि तेच वाक्य बोलून पुढे वाचायचं ते कराराचं एकेक कलम. पट्ट्याचा वेग उतरवण्याचं, चाळीस जणांना परत घेण्याचं. वाचतील त्या दिवशी ते कलम लागू. "खमीर ऐकतंय तसं आमीबी ऐकतोय," त्या म्हणाल्या. मंडळाला दुसरा मार्ग नव्हता. सह्या झाल्या.

सोमवारी दहा वाजता टिपणीस कागद घेऊन आले. कर्णा नव्हता. आदल्या दिवशी फळ्यावर सगळा करार लावला होता, प्रत्येकानं वाचला होता, आज काय वाचलं जाणार हे सहाशे माणसांना तोंडपाठ होतं. दस्तगीर मिस्त्री पहिल्या हौदाशी कोमट पाणी आणि मैद्याची पाटी घेऊन उभे होते. वैजयंतीनं घड्याळ लावलं.

टिपणीसांनी घसा साफ केला.

"पूर्णकण परिवारातील माझ्या बंधू-भगिनींनो..."

कणीक खचू लागली. ते अपेक्षितच होतं. वैजयंतीनं नोंद करायला मान खाली घातली आणि तिला कापडाची सळसळ ऐकू आली. तिनं वर पाहिलं. पट्ट्यावरच्या माणसांचे हात थांबले होते. एकानं ॲप्रनची गाठ सोडली होती, दुसरीनं टोपी काढली होती. मागच्या रांगेतले चारपाच जण तर दाराकडे चालायलाही लागले होते, कोणी सांगितल्याशिवाय. स्वतःच्या हातानं करारावर सही करून आलेल्या इंदूअक्कांचाही हात पाठीमागे गाठीवर गेला होता. तो तिथं आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या थबकल्या, पण हात त्यांनी काढला नाही.

टिपणीसांनीही ते पाहिलं.

"कलम एक," ते वाचू लागले, आणि तो नावाजलेला आवाज पहिल्यांदाच फाटला. "आजपासून... आजपासून पट्ट्याचा वेग..."

निम्मी माणसं बाहेर गेली होती. उरलेली दाराकडे तोंड करून उभी होती. बसलेल्या कणकेवर दस्तगीर मिस्त्रींनी कोमट पाणी शिंपडलं, मूठमूठ मैदा पसरला आणि तळहातानं तिला सावकाश थोपटलं. टिपणीस कलम शेवटपर्यंत वाचून थांबले. ते कोणाकडे बघावं हे न कळून हौदाकडेच बघत होते. कणीक वर आली नव्हती.

"एक झालं, सायेब," दस्तगीर म्हणाले. "तिरान्नव ऱ्हायलं. उद्या ह्याच टायमाला या."